लाल धाग्याचा चहा

जाहिरातीचं खातं माझ्याकडे आहे असं सांगितलं की पाहुणे जरा सावरून बसतात. त्यांना वाटतं, या माणसाच्या ऑफिसात चित्रं काढणारी पोरं असतील, कॅमेरे असतील. मी चहाच्या डेपोतला हिशेबनीस आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी मालकांनी विचारलं, "कदम, जाहिरातीवर आपले किती जातात?" मी म्हटलं, कॅलेंडरं छापतो, तेवढेच. "मग ते खातंही तुम्हीच बघा," ते म्हणाले. ज्याच्या हातून पैसा सुटत नाही त्याच्याकडेच खर्चाचं खातं द्यावं, हा त्यांचा हिशेब. तो चुकला असं मला आजही म्हणवत नाही.

डेपो सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आहे. साड्यांची दुकानं आणि फुटपाथवरचे पुस्तकांचे गठ्ठे ओलांडत आलात तर आधी वास येतो, मग दार दिसतं. मोरेश्वररावांनी नांदेडकडची शेती भावांवर सोपवून निजामाच्या काळात तो काढला. मी पाहिले ते त्यांचे चिरंजीव, भाऊसाहेब. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी लांब टेबलाशी उभे राहतात. ओळीने मांडलेल्या कपांतला चहा चमच्याने सुर्र करून तोंडात ओढतात आणि पितळी पिकदाणीत थुंकतात. नव्या माणसाला हे बघवत नाही. पण आमच्यात जो गिळतो त्याची जीभ पाच-सहा कपांनंतर झोपी जाते.

आमचा धंदा असा. आसामातून, निलगिरीतून चहा येतो. एका बागेचा चहा एकटा हॉटेलवाल्याच्या कामाचा नसतो. एकाला रंग असतो पण जोर नसतो. दुसऱ्याला जोर असतो पण फार उकळला की तो कडू पडतो. आमच्याकडचं इराणी हॉटेल चहाचं पाणी बंद भांड्यात मंद आचेवर ठेवतं, दूध वेगळं आटवतं, आणि दोघांची गाठ कपातच पडते. त्या पाण्याने दिवसभर दम धरला पाहिजे. तसं मिश्रण आम्ही करून देतो. हॉटेल वेगळं, की मिश्रण वेगळं.

आता हैदराबादच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा, चहाचं गुपित काय? एक म्हणेल दूध, दुसरा म्हणेल आजोबांनी आणलेली रीत, तिसरा नुसतं वर बोट दाखवेल. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतून पोतं येतं, असं कोणी सांगत नाही. सांगूही नये. म्हणून मोरेश्वररावांचा नियम होता की डेपोत हॉटेलचं नाव घ्यायचं नाही. पोत्यावर नाव नाही, माल नेणाऱ्या ट्रॉलीवर पाटी नाही. बिलावर नाव लिहावंच लागतं, ती बिलं मी लिफाफ्यात घालून चिकटवून पाठवतो. कुठलं पोतं कुठे जायचं हे कळावं म्हणून पोत्याचं तोंड रंगीत धाग्याने शिवायचं. हिरवा एकाचा, पिवळा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा. आम्ही आपापसात बोलतानाही "हिरव्याची मागणी आली का" असंच बोलतो.

जुन्या पेढ्या नव्या जाहिरातीला भितात, असं तरुण मंडळी म्हणतात. त्यांना वाटतं, या म्हाताऱ्यांना फोन वापरता येत नसेल, किंवा खर्च करवत नसेल. काहींचं तसं असेलही. आमच्या भाऊसाहेबांना फोन चांगला येतो, त्यावर ते लिलावाचे भाव बघतात आणि क्रिकेटही. अडचण दुसरीच होती. जाहिरात म्हणजे बोलणं, आणि आमचा धंदा गप्प बसण्यावर उभा.

तरी घरगुती गिऱ्हाइकांसाठी आम्ही मधून मधून जाहिरात केली. सिनेमाच्या मध्यंतरात आमची स्लाइड लागायची: एक कप, त्यातून निघणारी वाफ, खाली 'मोरेश्वर चहा'. एकदा ती आठवडाभर उलटी लागली. कप पालथा आणि वाफ जमिनीत चाललेली. मी थिएटरवाल्याचे पैसे कापायला निघालो तर तो म्हणाला, साहेब, याच आठवड्यात लोकांनी तुमची स्लाइड बघितली, उलट जास्त द्या.

दसऱ्याला वर्तमानपत्रात चौकट असायची. एका वर्षी मी तिच्यात एक ओळ घातली, की हे कात्रण आणणाऱ्याला अर्ध्या किलोवर चमचा मोफत. जाहिरात वाचून येतं तरी कोण, एवढंच मला मोजायचं होतं. कात्रणं बरीच आली. आणणारी सगळी आमची नेहमीची गिऱ्हाइकं. त्यांत नारायणगुड्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. कात्रण माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "धंदा बरा चाललाय ना, कदम? नाही, जाहिरात दिलीत म्हणून विचारते." चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही, आणि लागली तर काहीतरी बिनसलंय, असं त्यांचं मत. चमचा मात्र घेऊन गेल्या.

गेल्या काही वर्षांत खरोखरच बिनसायला लागलं. इराणी हॉटेलं कोपऱ्यावरच्या जागा धरून बसलेली असतात, आणि त्या जागांना भाव आला. एकाचं मोबाइलचं दुकान झालं, एकाचं औषधांचं. निळ्या धाग्याचा मालक मुलाकडे कॅनडाला गेला. ते रीळ अजून कपाटात पडून आहे. जी हॉटेलं राहिली त्यांतली दोन मोठी होती आणि आमचा जवळजवळ निम्मा माल ती दोघंच उचलत. त्या दोघांवर डेपो आणि डेपोवर आमची डझनभर घरं. यांतलं एक जरी गेलं तर काय, हा हिशेब मी करून ठेवला होता आणि भाऊसाहेबांना दाखवलाही होता. त्यांनी तो वाचून उलटा ठेवला.

अशा वेळी सायली डेपोत यायला लागली. भाऊसाहेबांची सून. तिचा नवरा माधापूरला कंपनीत आहे, चहाशी त्याचा संबंध पिण्यापुरता. ती आमच्या भागात वाढलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता हैदराबादी कधी सुरू होते हे तिचं तिलाही कळत नाही. मराठी वाचताना मात्र अडखळते. या अंकासाठी हे मी लिहितोय ते तिला वाचून दाखवावं लागेल.

"काका, आपलं पेज कायकू नाही?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

मी म्हटलं, पेज काय करतं ते आधी सांग. तिने मैत्रिणीच्या लोणच्याच्या पेजवरचे आकडे दाखवले. किती जणांनी बघितलं, किती जणांना आवडलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. मी विचारलं, यांतल्या किती जणांनी लोणचं खाल्लं? ते त्यात येत नव्हतं. मग तिने विचारलं, तुमच्या पेपरातल्या चौकटीत ते येत होतं का? मला चमचे आठवले. तिथे आमचं जमलं.

भाऊसाहेब दोन महिने नाही म्हणत होते. त्यांचा राग फोनवर नव्हता. पेपरातली जाहिरात, ते म्हणायचे, दुसऱ्या दिवशी मिरची भजी बांधायला जाते आणि झाल्या चुकीसकट संपते. ही कुठे जाते मला सांगा. शेवटी सायलीने घरी काय केलं मला माहीत नाही, पण एका सकाळी ते म्हणाले, करा, फक्त एकाही हॉटेलचं नाव येता कामा नये, बोलण्यातही नाही आणि भिंतीवरही नाही.

तिने व्हिडिओ केला तो खरोखर सुरेख होता. चहाचे ढीग, फावडं, चाळण, भाऊसाहेबांचं सुर्र करून ओढणं. थुंकणं तिने काढून टाकलं. मग आमचा यादगिरी. पोती शिवण्यात त्याची उभी हयात गेलेली, हात असा चालतो की सुई दिसतच नाही. सायलीने त्याला धाग्यांबद्दल विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "हर होटल का रंग अलग है अम्मा. लाल सबसे पुराना." आणि लाल धाग्याला गाठ मारून त्याने तो दाताने तोडला. तिथे व्हिडिओ संपतो.

तो बाहेर सोडण्याआधी आम्ही तिघांनी पुन्हा पुन्हा बघितला. भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर हॉटेलचं नाव निघालं, तेवढा भाग सायलीने कापला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून आणखी एकदा बघितला आणि हो म्हणाले. नावं सगळी झाकली होती. रंग उघडे राहिले हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण आमच्या लेखी रंग हे झाकणच होतं.

आता लाल धाग्याचं सांगायला हवं.

मघाची ती दोन मोठी हॉटेलं आबिड्सच्या पलीकडे एका चढावर समोरासमोर आहेत. लोक त्यांना वरचं आणि खालचं म्हणतात. मूळ हॉटेल एकच, वरचं. ते चालवणाऱ्या दोन भावांचं वाजलं, धाकट्याने रस्ता ओलांडला आणि खालचं हॉटेल काढलं. मग एकाच आठवड्यात दोघंही भाऊ, एकमेकांना न कळू देता, मोरेश्वररावांकडे येऊन गेले. आमच्या वडिलांचा चहा मलाच मिळाला पाहिजे, असं दोघांचं म्हणणं. मोरेश्वरराव दोघांनाही म्हणाले, "तुमचा चहा तुम्हाला मिळेल." दुसऱ्याला मिळणार नाही असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. तेव्हापासून एकच मिश्रण, एकच लाल धागा, दोन्हीकडे. ट्रॉली पहाटे वरच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी जायची, मग मोठा वळसा घालून खालच्याच्या मागच्या दाराशी.

इकडे गावात दोन तट पडले. वरचा चहा पिणारा खालच्याकडे बघत नाही, खालचा पिणारा वरच्याला गरम पाणी म्हणतो. मी लग्नाच्या पंगतीत यावरून हातघाई होताना पाहिली आहे आणि मान खाली घालून वरणभात खाल्ला आहे. दोघं भाऊ वारले. आता वरचं हॉटेल अब्बास साहेब चालवतात, खालचं रझा साहेब. सख्खे चुलतभाऊ, पण बोलणं नाही. आपल्याकडेच आजोबांचा चहा आहे आणि समोरचा भलतंच काहीतरी उकळतो, अशी दोघांचीही खात्री.

व्हिडिओ लोकांनी भरपूर बघितला. पहिल्या दिवशी सायली मला दर तासाला आकडा सांगायची आणि मी प्रत्येक वेळी विचारायचो, प्यायले किती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली ती फोन माझ्यासमोर धरूनच. व्हिडिओखाली वरच्या हॉटेलातल्या एका वेटरने लिहिलं होतं, की हा लाल धागा आमच्याकडे येतो. त्याखाली खालच्या हॉटेलातल्या वेटरने, की झूट, लाल आमचा आहे, आणि पुरावा म्हणून पोत्याच्या तोंडाचा फोटो. त्याखाली पहिल्याचा फोटो. दोन्ही फोटोंत तोच धागा आणि तीच यादगिरीची दुहेरी गाठ. पुढे जत्रा भरली होती. कोणी हसत होतं, कोणी शिव्या देत होतं. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "तीस साल से मैं सड़क क्रॉस नै करा, सिर्फ चाय के वास्ते."

सायलीने व्हिडिओ लगेच काढून टाकला. तोपर्यंत लोकांनी तो उतरवून घेतला होता आणि एकमेकांना पाठवला होता. ती रडली नाही, पण माझ्या टेबलाशी उभी राहून पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. भाऊसाहेबांना तिनेच सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मीही बघितला होता. मग टेबलाशी गेले, दुपारी कधी जात नाहीत, आणि रिकाम्या कपांची ओळ नीट लावत बसले. मला माझा उलटा ठेवलेला हिशेब दिसत होता. एक गेलं तर ओढाताण. दोन्ही गेली तर दाराला कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अब्बास साहेब आले. उंच, कडक इस्त्रीचा पठाणी, सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, मेरे को एकच बात बोलो. लाल उधर भी जाता?"

भाऊसाहेब म्हणाले, "जाता."

"कबसे?"

"पहले दिन से."

मला वाटलं होतं, भाऊसाहेब काहीतरी आडवळण काढतील. पोती बदलली असतील, यादगिरीचा हात चुकला असेल. अब्बास साहेबांनी पाण्याचा रिकामा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाले, "अब्बा जाते जाते बी येइच बोले थे. बेटा, चाय हमारे पास है. उनके पास सिर्फ जगह है."

यावर भाऊसाहेबांनी फोन उचलला आणि रझा साहेबांना बोलावून घेतलं. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. म्हटलं, भाऊसाहेब, हे करू नका. यांना शांत करून पाठवू, रझा साहेब उद्या येतील, त्यांच्याशी वेगळं बोलू. एकेकटे दोघंही ऐकतील, समोरासमोर एकही ऐकणार नाही. ते म्हणाले, "वेगळं वेगळं बोलूनच इथवर आलो, कदम." आणि बाहेर जाऊन बसले.

रझा साहेब वयाने जरा लहान, गोल चेहऱ्याचे, काखेत थर्मास. ते बाहेरचा चहा पीत नाहीत, जातील तिथे आपल्या हॉटेलचा बरोबर नेतात. समोर चुलतभावाला बघून दारातच थबकले. मग दोघांमध्ये एक खुर्ची सोडून बसले. भाऊसाहेबांनी त्यांनाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, हे शक्यच नाही, यांचा चहा कसा असतो साऱ्या गावाला माहीत आहे. अब्बास साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, की गावाला माहीत आहे, यांनी कधी तोंडाला लावलाय का? लावला नव्हता. विचारणाऱ्यानेही नव्हता.

भाऊसाहेबांनी यादगिरीला वरच्या हॉटेलात पिटाळलं. तो किटली घेऊन आला. मग लांब टेबलावर चार कप ठेवले, दोन किटलीतले, दोन थर्मासमधले. दोघं उठून उभे राहिले. आपल्या हॉटेलचा बाजूला सारून दोघांनीही आधी समोरच्याचा उचलला. पिकदाणी तिथेच होती, पण दोघांनीही चहा गिळला.

"दूध जलाते तुम," रझा साहेब म्हणाले.

"और तुम पानी कच्चा उतारते. इत्ती जल्दी काय की है?"

"गाहक बैठे रहते मियाँ. हमारे पास गाहक आते."

"गाहक नै, बस की राह देखने वाले लोगाँ आते."

असं बराच वेळ चाललं. आच किती, भांडं तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, म्हैस कुठली, साखर कधी. सायली माझ्याशेजारी उभी होती, तिने माझी बाही धरली. मला तेव्हा कळलं, ही माणसं भांडत होती खरी, पण आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांशी इतकी बोलत होती. मध्येच अब्बास साहेबांनी स्वतःच्या हॉटेलचा कप चाखला, ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, की दादांचा, म्हणजे आजोबांचा, असा नव्हता. रझा साहेबांनी आपला चाखला. "दादा का तो दोनों में नै है," ते म्हणाले.

भाऊसाहेबांनी तेवढ्यात विचारून टाकलं. म्हणाले, एक जण लाल सोडून द्या, त्याला मी यापेक्षा चांगलं मिश्रण करून देतो, कोण सोडतं बोला.

"मैं नै छोड़ता," अब्बास साहेब म्हणाले.

"मैं बी नै."

"फिर क्या, दोनों का बंद करूँ?"

दोघं एकदम भाऊसाहेबांवर उखडले. बंदची भाषा कोणी काढली? डेपोवाल्याला हा अधिकार कोणी दिला? आमच्या दादांचा चहा आमच्या घरातला आहे, तुम्ही काय समजता? अब्बास साहेब बोलत होते आणि रझा साहेब "बरोबर बोल रैं भाईजान" म्हणत मान हलवत होते. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना इतकी बोलणी खाताना कधी पाहिलं नव्हतं आणि इतकं खुशीतही कधी पाहिलं नव्हतं.

उठताना अब्बास साहेबांनी अट घातली. लाल दोघांना राहू दे, पण ट्रॉली आधी माझ्याकडे आली पाहिजे, मी मोठा आहे. रझा साहेब म्हणाले, इतकी वर्षं आधी यांच्याकडेच जात होती हे आज कळलं, आता आधी माझ्याकडे. यावर पुन्हा बसणं झालं. शेवटी भाऊसाहेबांनी निवाडा दिला: एक दिवस आधी वर, एक दिवस आधी खाली, आणि वळसा बंद, सरळ रस्ता ओलांडून.

ते ठरलं ते आजवर चालू आहे.

पुढचे काही आठवडे चढावर गंमत होती. लोक एका हॉटेलात अर्धा कप पीत, रस्ता ओलांडून दुसऱ्या हॉटेलात अर्धा कप पीत आणि मध्ये उभे राहून वाद घालत. माझा अंदाज होता की चहा एकच आहे हे कळल्यावर तट मोडतील. एकही मोडला नाही. वरचे म्हणू लागले, पत्ती तीच, पण हात लागतो. खालचेही हेच म्हणू लागले. दोन्ही हॉटेलांची मागणी थोडी वाढली. सायली म्हणते व्हिडिओमुळे. मी म्हणतो थंडी पडली होती, थंडीत दर वर्षी वाढते. मागच्या वर्षांची थंडीतली वाढ वजा करून जे उरतं ते मी तिला दाखवलं आहे. उरतं थोडंसं, हे मी मान्य करतो. थोड्याशावर जाहिरातीचं पान मी भरणार नाही.

रझा साहेबांचाच मग एक दिवस फोन आला, की ती पोरगी व्हिडिओ काढून टाकून का बसली, गिऱ्हाईक विचारतात. सायलीने तो परत लावला, यावेळी भाऊसाहेबांच्या थुंकण्यासकट. आता ती घरगुती चहाची पाकिटं त्याच पेजवरून विकते. हळूहळू विकली जातात. नारायणगुड्याच्या त्या शिक्षिकांच्या नातीने बेंगळुरूहून मागवली, तेव्हा मी पहिल्यांदा मान्य केलं की बघणाऱ्यांपैकी कोणीतरी प्यायलं.

सगळंच गोड झालं असंही नाही. हिरव्या धाग्याच्या हॉटेलवाल्याने आमचा माल बंद केला. त्याचं कोणी नाव घेतलं नव्हतं, त्याचा धागा कोणी ओळखला नव्हता. तो म्हणाला, आज त्यांचं उघडं पडलं, उद्या माझं पडेल. तो चुकीचं बोलला नाही. त्याचा चहा आता कोण मिसळतो मला माहीत नाही, आणि ती चव मी कधी विसरणार नाही. नव्या पिढीला मी एवढंच सांगतो, की जुनी पेढी पेज काढायला नाही म्हणाली तर आधी हसू नका. ती कोणासाठी गप्प बसली आहे ते विचारा. आणि जुन्यांना सांगतो, गप्प बसण्याचीही मुदत असते. ती आपणच संपवली तर निदान खुर्च्या मांडायला वेळ मिळतो.

परवा अब्बास साहेबांनी मला निरोप धाडला, कदम साहेब, या, घरच्यांना घेऊन या. डेपोतल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या हॉटेलात बसू नये, कोणाच्या बाजूचा आहे असं दिसू नये, असा आमच्याकडे रिवाज होता. त्यामुळे इतकी वर्षं त्या चढावरून मी बसने गेलो, पायी गेलो, पण दोन्हींपैकी एकाचीही पायरी चढलो नव्हतो. टेबलावरच्या कपात चाखणं वेगळं आणि संगमरवरी टेबलाशी बसून उस्मानिया बिस्किट बुडवणं वेगळं. रविवारी संध्याकाळी बायकोला घेऊन गेलो. वरच्या हॉटेलात अब्बास साहेबांनी पैसे घेतले नाहीत. बाहेर आलो तर रझा साहेब समोरच्या दारात उभेच होते. रस्ता ओलांडून तिथेही एक एक कप घेतला. त्यांनीही पैसे घेतले नाहीत आणि मलाईची बशी वर दिली.

रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "मला तर वेगळे लागले बाई दोन्ही. तुम्हाला कुठला आवडला, आता तरी सांगा."

मी रिक्षावाल्याकडे बघितलं. त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. मग तिच्या कानाशी वाकून सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, मलाही तोच.

कुठला ते इथे लिहीत नाही. अंक मराठीत आहे हे खरं, पण हल्ली कुठलंही पान कोणाच्याही फोनवर उघडतं, आणि उद्या सकाळी ट्रॉली दोन्हीकडे जायची आहे.